'गुस्तार': 'मला आवडतं' हे स्पॅनिशमध्ये बिनचूक सांगण्याची रीत

'यो गुस्तो काफे.' स्पॅनिश शिकू लागलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्या महिन्यात हे वाक्य हमखास निघतं. शब्द तीन आणि चुकाही तीन. 'यो' म्हणजे 'मी', तो इथे नको. 'गुस्तो' हे रूप चुकीचं. आणि 'काफे'च्या आधी जो छोटा शब्द हवा, तोच गायब.

आपण ही चूक करावी याचं नवल वाटतं, कारण मराठीत 'मी कॉफी आवडतो' असं शेंबडं पोरही म्हणत नाही. आपण 'मला कॉफी आवडते' म्हणतो, आणि स्पॅनिश माणूसही नेमकं तसंच म्हणतो: 'मे गुस्ता एल काफे'. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडते. चूक होते ती पुस्तक इंग्रजीतून असल्यामुळे. मराठी वाक्य आधी इंग्रजीत जातं, तिथे 'मला'चा 'मी' होतो आणि मग तोच 'मी' स्पॅनिशमध्ये उतरतो.

तेव्हा इंग्रजीचा वळसा टाळायचा. मात्र मराठीवर डोळे झाकून विसंबूनही चालत नाही. वाक्याचा सांगाडा मराठीतून आयता मिळतो, पण वचन, आर्टिकल (नामाआधीचा तो छोटा शब्द), काळ आणि 'मला'चे इतर उपयोग या ठिकाणी मराठीच पाय ओढते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. सांगाडा पक्का होण्याआधी काळाकडे वळू नका.

स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत आणि लॅटिन अमेरिकेच्या उच्चारानुसार दिले आहेत. त आणि द नेहमी दंत्य, ट-ड कधीच नाही. लिहिताना काही स्वरांवर तिरकी रेघ येते; ती प्रत्येक शब्दाला सांगितलेली नाही, गोंधळ होईल अशा काही ठिकाणीच सांगितली आहे.

## आधीची तयारी

तीन गोष्टी पाठ हव्यात.

पहिली, 'ला' लावलेली सहा सर्वनामं:

- मे: मला
- ते: तुला
- ले: त्याला, तिला, आणि आदराने एकाच व्यक्तीला 'तुम्हाला'
- नोस: आम्हाला, आपल्याला
- ओस: तुम्हाला (अनेक जण, घरोब्याचे, हे फक्त स्पेनमध्ये)
- लेस: त्यांना, लॅटिन अमेरिकेत अनेकांना 'तुम्हाला' म्हणतानाही हेच

दुसरी, नामं. प्रत्येक नाम त्याच्या आर्टिकलसकट पाठ करायचं. 'काफे' नाही, 'एल काफे'. पुल्लिंगी एकवचनाला एल, स्त्रीलिंगीला ला, अनेकवचनाला लोस आणि लास. वहीत नुसतं नाम लिहिलेलं असेल, तर पाचव्या टप्प्यावर ती वही पुन्हा लिहावी लागेल.

तिसरी, 'गुस्तार'ची दोन रूपं: गुस्ता आणि गुस्तान. रोजच्या बोलण्यातलं बहुतेक काम या दोनांवर भागतं. पुस्तकातला सहा रूपांचा तक्ता तूर्त मिटून ठेवा.

## टप्पा १: वाक्य मोठ्याने मराठीत म्हणा

'मला आंबा आवडतो.' 'मला भाजी आवडते.' 'मला पुस्तक आवडतं.' 'मला आंबे आवडतात.' क्रियापद कोणामुळे बदललं? आंब्यामुळे, भाजीमुळे. म्हणजे कर्ता ती वस्तू आहे. 'मला' फक्त कोणाला ते सांगतो. स्पॅनिशमध्येही कर्ता वस्तूच. ही एक गोष्ट डोक्यात बसली की 'यो' आपोआप गळतो.

तपासणी: मनातल्या वाक्यात 'मी' आला का? आला असेल तर ते वाक्य इंग्रजीतून आलं. मागे या.

गोव्यातल्या किंवा पोर्तुगीज येणाऱ्या वाचकांसाठी वेगळी सूचना. पोर्तुगीजमध्ये 'गोश्तार'चा कर्ता 'मी'च असतो आणि पुढे 'द' लागतो: मी कॉफीचा शौकीन, अशा धाटणीचं. दोन्ही भाषांत शब्द जवळपास सारखा आणि रचना उलटी, त्यामुळे पोर्तुगीज चांगली येणाऱ्यांना इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो.

## टप्पा २: 'ला'च्या जागी सर्वनाम बसवा

सर्वनाम क्रियापदाच्या आधी, क्रियापदाला खेटून. वस्तू शेवटी.

- मला कॉफी आवडते: मे गुस्ता एल काफे
- तुला कॉफी आवडते: ते गुस्ता एल काफे
- आम्हाला कॉफी आवडते: नोस गुस्ता एल काफे

'आम्हाला' अनेकवचन असलं तरी 'गुस्ता' बदलला नाही. कॉफी एकच आहे. मराठीतही 'आम्हाला कॉफी आवडते' म्हणताना आपण 'आवडतात' म्हणत नाही.

नकाराचा 'नो' सर्वनामाच्याही आधी: 'नो मे गुस्ता'. 'मे नो गुस्ता' हा क्रम कधीच चालत नाही. प्रश्न विचारताना क्रम बदलायची गरज नाही, सूर बदलला की झालं: 'ते गुस्ता एल काफे?'

सावध: 'मे' हा शब्द मराठी 'मी'सारखा ऐकू येतो. त्याचा अर्थ 'मला' आहे, हे दहा वेळा म्हणून कानात बसवा.

## टप्पा ३: वचन जुळवा, पण स्पॅनिश शब्दाचं

वस्तू एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. मराठीत आवडतो-आवडते-आवडतं असे लिंगाचे फरक आहेत. स्पॅनिश क्रियापदाला लिंग नाही. तेवढी कटकट कमी.

पण नेमकी इथेच एक चूक होते. स्पॅनिश विशेषणांत शेवटी 'ओ' म्हणजे पुल्लिंग आणि 'आ' म्हणजे स्त्रीलिंग हे आपण शिकलेलो असतो. मग 'एल लिब्रो' (पुस्तक) पुल्लिंगी म्हणून 'मे गुस्तो एल लिब्रो', किंवा बोलणारा पुरुष आहे म्हणून 'मे गुस्तो' असं बोललं जातं. 'गुस्ता'तल्या 'आ'चा लिंगाशी काही संबंध नाही. 'मे गुस्तो' याचा खरा अर्थ 'मी मला आवडतो' असा होतो. आरशासमोर म्हणायला ठीक.

दुसरी चूक अधिक चिवट आहे. वचन मराठी शब्दाचं धरलं जातं. धरायचं असतं स्पॅनिश शब्दाचं, आणि दोन्ही भाषांत ते जुळेलच असं नाही:

- मला गणित आवडतं (एकवचन): मे गुस्तान लास मातेमातिकास (अनेकवचन)
- मला सुट्टी आवडते: मे गुस्तान लास बाकासिओनेस
- मला तुझे केस आवडतात (अनेकवचन): मे गुस्ता तु पेलो (एकवचन)
- मला पैसे आवडतात: मे गुस्ता एल दिनेरो

फळांचंही पाहा. मराठीत 'मला आंबा आवडतो' आणि 'मला आंबे आवडतात' दोन्ही सहज चालतं. मोजता येणाऱ्या फळांबद्दल सर्वसाधारण आवड सांगताना स्पॅनिशमध्ये अनेकवचनाकडे कल असतो: 'मे गुस्तान लोस मांगोस', 'मे गुस्तान लास उबास' (द्राक्षं). चहा, दूध, भात यांसारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टी एकवचनात राहतात.

दोन एकवचनी वस्तू 'आणि'ने जोडल्या तर? 'मे गुस्तान एल ते इ एल काफे' हे सुरक्षित. मराठीत 'मला चहा आणि कॉफी आवडते' म्हणतात तसं तिथेही लोक 'गुस्ता' म्हणतात आणि ते मान्यही आहे, पण परीक्षेच्या पेपरात 'गुस्तान' लिहावं.

तपासणी: क्रियापद लिहिण्याआधी स्पॅनिश नामाच्या शेवटी 'स' आहे का आणि त्याचं आर्टिकल लोस किंवा लास आहे का, ते बघा. मराठी वाक्याकडे बघू नका.

## टप्पा ४: वस्तूच्या जागी कृती असेल तर

'मला पोहायला आवडतं.' स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं मूळ रूप थेट ठेवायचं: 'मे गुस्ता नादार'. मध्ये काही घालायचं नाही. 'पोहायला'मधल्या 'ला'च्या मोहाने 'मे गुस्ता आ नादार' म्हणू नका.

कृती कितीही असोत, क्रियापद एकवचनातच: 'मे गुस्ता कान्तार इ बाइलार' (गायला आणि नाचायला). इथे 'गुस्तान' चूक.

आवड एकाची आणि कृती दुसऱ्याची असेल तर गाडी रूळ बदलते. 'तू स्वयंपाक करतोस हे मला आवडतं' यासाठी 'के' लावून पुढचं क्रियापद इच्छार्थी रूपात जातं: 'मे गुस्ता के कोसिनेस'. साधं रूप 'कोसिनास' इथे चालत नाही. स्वयंपाक मीच करत असेन तर 'मे गुस्ता कोसिनार' पुरे. इच्छार्थी रूपं अजून शिकला नसाल तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, पण 'के'नंतर साधं रूप वापरायची सवय मात्र लावून घेऊ नका. ती नंतर सुटत नाही.

## टप्पा ५: आर्टिकल विसरू नका

मराठीत आर्टिकल नाही, इंग्रजीत अशा वाक्यात ते लागत नाही. त्यामुळे दोन्हीकडून शिकलेला माणूस इथे हमखास घसरतो. 'मे गुस्ता काफे' अपुरं आहे. एखाद्या गोष्टीबद्दल सरसकट बोलताना एल, ला, लोस, लास हवंच: 'मे गुस्ता ला लेचे' (दूध), 'मे गुस्ता एल एस्पान्योल' (स्पॅनिश भाषा).

नको कुठे? विशेषनामाला (मे गुस्ता पुणे), आणि नामाआधी 'माझा', 'तुझा', 'हा' असा शब्द आधीच असेल तेव्हा (मे गुस्ता तु कासा: तुझं घर). मूळ रूपातल्या क्रियापदालाही नको.

सावध: समोरच्याला कॉफी विचारायची आहे आणि तुम्ही 'ते गुस्ता एल काफे?' म्हणालात, तर तो 'हो, आवडते' म्हणेल आणि तसाच बसून राहील. 'कॉफी घेणार का?' असं विचारायला 'किएरेस उन काफे?' म्हणायचं. 'किएरेस' म्हणजे तुला हवी आहे.

## टप्पा ६: नाव घेऊन सांगायचं असेल तर 'आ'

'सुनीताला कॉफी आवडते' यात 'ला'चं काम नामाआधी येणारा 'आ' करतो. पण तेवढ्याने भागत नाही, सर्वनामही राहतं:

आ सुनीता ले गुस्ता एल काफे.

शब्दशः 'सुनीताला तिला कॉफी आवडते'. मराठी कानाला हे दोनदा सांगितल्यासारखं वाटतं, म्हणून 'ले' गाळला जातो. 'आ सुनीता गुस्ता एल काफे' ही चूक आहे. नाव असो वा नसो, सर्वनाम जागेवर हवंच. नावाच्या जागी अनेक जण आले की 'लेस': 'आ मिस पाद्रेस लेस गुस्ता एल ते' (माझ्या आईवडिलांना चहा आवडतो).

सर्वनामावर जोर द्यायचा असतो तेव्हाही 'आ'च: आ मी, आ ति, आ एल (त्याला), आ एया (तिला), आ उस्तेद (तुम्हाला), आ नोसोत्रोस. 'आ यो' आणि 'आ तू' अशी रूपं नाहीत. 'आ मी मे गुस्ता' म्हणजे 'मला तर आवडतं बुवा'. नुसतं 'मला आवडतं' म्हणायला 'आ मी' कशाला? नवशिके प्रत्येक वाक्य त्याने सुरू करतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा सारखा कोणाशी तरी वाद घालतोय.

'ले' मात्र मोघम आहे: त्याला की तिला की तुम्हाला? संदर्भातून कळत नसेल तर 'आ एया ले गुस्ता' असं उघड करून सांगा.

लिहिताना: 'आ मी'मधल्या 'मी'वर तिरकी रेघ येते, 'ति'वर येत नाही. 'त्याला'मधल्या 'एल'वर रेघ येते. आर्टिकल 'एल'वर येत नाही. 'आ'पुढे आर्टिकल 'एल' आलं की दोन्ही मिळून 'आल' होतं: 'आल प्रोफेसोर ले गुस्ता' (सरांना आवडतं). पण 'आ एल' (त्याला) वेगळंच राहतं.

## टप्पा ७: 'मलाही' आणि 'मीही'

एकाने 'मे गुस्ता एल काफे' म्हटलं की दुसरा उत्साहाने 'यो ताम्बिएन' म्हणतो. चूक. मराठीत विचार केला असता तर ती झाली नसती. 'मला कॉफी आवडते' यावर आपण 'मीही' म्हणतो का? 'मलाही' म्हणतो.

- मलाही: आ मी ताम्बिएन
- मलाही नाही (दोघांनाही आवडत नाही): आ मी ताम्पोको
- मला नाही बुवा (त्याला आवडतं, मला नाही): आ मी नो
- मला आवडतं (त्याला आवडत नाही): आ मी सी

'मी पुण्यात राहतो' यावर 'मीही' येतं, तिथे 'यो ताम्बिएन' बरोबर. मराठी उत्तरात 'मला' की 'मी' ते बघा आणि तेच उचला. बाराव्या टप्प्यातली वाक्यं सोडली तर हा नियम सहसा फसत नाही.

## टप्पा ८: काळ

इथे मराठी आधी पुष्कळ मदत करते आणि मग दोन ठिकाणी दगा देते.

मदत अशी. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन रूपं आहेत आणि इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ती वर्षानुवर्षं छळतात. आपल्याकडे तो फरक तयारच आहे:

- आवडायचं, आवडत असे (सवय, चालू स्थिती): मे गुस्ताबा
- आवडलं (एकदा घडलं, मत झालं): मे गुस्तो, जोर 'तो'वर, लिहिताना शेवटच्या अक्षरावर रेघ

'लहानपणी मला दूध आवडायचं नाही': दे निन्यो नो मे गुस्ताबा ला लेचे. बोलणारी स्त्री असेल तर 'दे निन्या'. 'मला चित्रपट आवडला': मे गुस्तो ला पेलीकुला. अनेकवचनाला अनुक्रमे गुस्ताबान आणि गुस्तारोन. नुकत्याच घडलेल्या गोष्टीबद्दल स्पेनमध्ये 'मे आ गुस्तादो' जास्त ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत 'मे गुस्तो'च.

उच्चाराचा जोर इथे अर्थ बदलतो. 'गुस्'वर जोर दिला तर तिसऱ्या टप्प्यातलं 'मी मला आवडतो', 'तो'वर दिला तर 'मला आवडलं'.

आता पहिला दगा. दुकानात शर्ट हातात धरून आपण म्हणतो, 'मला हा शर्ट आवडला.' रूप भूतकाळी, पण आवड आत्ताची. स्पॅनिशमध्ये समोर असलेल्या, अजूनही आवडत असलेल्या गोष्टीला वर्तमान लागतो: 'मे गुस्ता एस्ता कामिसा'. तिथे 'मे गुस्तो' म्हटलंत तर विक्रेत्याला वाटेल, मघाशी आवडला होता, आता विचार बदलला. मैत्रिणीच्या नव्या ड्रेसचं कौतुक करतानाही हेच: 'मे गुस्ता तु बेस्तीदो'.

दुसरा दगा 'आवडेल'चा. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो.

- 'तुला ही मिसळ आवडेल' (अंदाज): ते बा आ गुस्तार एस्ता मिसळ
- 'मला स्पेनला जायला आवडेल' (इच्छा): मे गुस्तारिआ इर आ एस्पान्या

'खात्रीने आवडेल' असं म्हणता येत असेल तर पहिलं, 'जमलं तर आवडेल' असं असेल तर दुसरं.

तपासणी: वाक्य भूतकाळात गेलं म्हणून वचनाची जुळणी संपत नाही. 'मे गुस्ताबा लास मातेमातिकास' ही या टप्प्यावरची सर्वात नेहमीची चूक आहे. 'गुस्ताबान' हवं.

## टप्पा ९: किती आवडतं

मराठी 'खूप' दोन ठिकाणी वापरतात: खूप मोठा, खूप आवडतं. स्पॅनिशमध्ये यांचे दोन शब्द. विशेषणाआधी 'मुइ', क्रियापदाला 'मुचो'. म्हणून 'मे गुस्ता मुचो'. 'मे गुस्ता मुइ' कधीच नाही.

- अजिबात आवडत नाही: नो मे गुस्ता नादा
- फारसं आवडत नाही: नो मे गुस्ता मुचो
- चहापेक्षा कॉफी जास्त आवडते: मे गुस्ता मास एल काफे के एल ते
- भयंकर आवडतं: मे एन्कान्ता

'एन्कान्तार'मध्ये 'खूप' आधीच मुरलेलं आहे. त्याला पुन्हा 'मुचो' जोडू नका.

## टप्पा १०: माणसं आवडणं

'मे गुस्तास' म्हणजे 'तू मला आवडतेस' किंवा 'आवडतोस'. आपल्याकडे हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर ज्या अर्थाने घेतलं जातं, त्याच अर्थाने तिथेही. 'मे गुस्ता एल प्रोफेसोर' म्हटलं तर वर्ग हसणार. सर माणूस म्हणून चांगले वाटतात, त्यांच्याशी जमतं, हे सांगायला 'काएर' वापरतात: 'मे काए बिएन एल प्रोफेसोर'. अनेक असतील तर 'मे काएन बिएन'. पटत नसेल तर 'बिएन'च्या जागी 'माल'. गायक, लेखक किंवा खेळाडू आवडतो असं म्हणताना मात्र 'गुस्ता' चालतं, कारण तिथे आवड त्याच्या कामाची असते.

दिशा उलटी करू नका: 'ते गुस्तो?' म्हणजे 'मी तुला आवडतो का?' माणूस कर्ता झाला की मिटून ठेवलेला सहा रूपांचा तक्ता उपयोगी पडतो: गुस्तो, गुस्तास, गुस्ता, गुस्तामोस, गुस्ताइस, गुस्तान. कर्ता म्हणजे जो आवडतो तो, ज्याला आवडतो तो नव्हे.

## सर्वनामाशिवाय 'गुस्ता' दिसला तर

मेक्सिकोत कोणी जेवत असेल आणि तुम्ही तिथे गेलात, तर 'गुस्ता?' किंवा ओळखीच्याला 'गुस्तास?' असं विचारतात. आपल्या 'या, बसा जेवायला'चीच ही बहीण. तिला आपल्यासारखंच 'ग्रासिआस, प्रोबेचो' म्हणून नम्रपणे नाकारता येतं. 'कोमो गुस्ते' म्हणजे 'तुमची मर्जी', 'कुआन्दो गुस्ते' म्हणजे 'तुम्हाला हवं तेव्हा'. इथे मे-ते-ले काहीच नाही आणि कर्ता माणूस आहे. अर्थ 'आवडणं' नसून 'मर्जी असणं'. छापील, जरा जुन्या वळणाच्या भाषेत 'गुस्तार दे' (एखाद्या गोष्टीत रमणं) हेही भेटेल. वाचताना ओळखा, सुरुवातीला स्वतः वापरू नका.

## टप्पा ११: त्याच साच्यातली भावंडं

साचा हाताला बसला की ही क्रियापदं जवळपास फुकट मिळतात:

- दोलेर (दुखणं): 'माझं डोकं दुखतंय' म्हणजे 'मे दुएले ला काबेसा'. मराठीत 'माझं', स्पॅनिशमध्ये 'मला'. 'मि काबेसा' म्हणू नका. पाय दोन, म्हणून 'मे दुएलेन लोस पिएस'.
- केदार (कपडा बसणं): 'हा शर्ट मला मोठा होतो' म्हणजे 'एस्ता कामिसा मे केदा ग्रान्दे'. शब्दाला शब्द जुळतो.
- फाल्तार (कमी पडणं): 'मे फाल्तान दोस रुपिआस', मला दोन रुपये कमी पडतात.
- पारेसेर (वाटणं): 'मे पारेसे के', मला वाटतं की.
- इन्तेरेसार (रस असणं): 'मे इन्तेरेसा ला इस्तोरिआ', मला इतिहासात रस आहे.
- मोलेस्तार (त्रास होणं): 'मे मोलेस्ता एल रुइदो', मला आवाजाचा त्रास होतो. इंग्रजी 'मोलेस्ट'शी साम्य असलं तरी इथे तो भलता अर्थ नाही.

## टप्पा १२: जिथे 'मला' असूनही 'मे' नाही

इतकं जमलं की नवा रोग सुरू होतो. मराठीत 'मला' दिसलं की स्पॅनिशमध्ये 'मे' टाकायचा. आपल्या भाषेत 'मला'ची हौस दांडगी, त्यामुळे ही यादी वेगळी पाठ करावीच लागते. या वाक्यांत कर्ता 'मी'च असतो:

- मला भूक लागली: तेंगो आम्ब्रे (शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे')
- मला थंडी वाजते: तेंगो फ्रिओ
- मला ताप आहे: तेंगो फिएब्रे
- मला दोन भाऊ आहेत: तेंगो दोस एर्मानोस
- मला पाणी पाहिजे: किएरो आग्वा
- मला जावं लागेल: तेंगो के इर
- मला माहीत आहे: सेऽ, लिहिताना रेघेसह
- मला पोहता येतं: से नादार
- मला समजतं: एन्तिएन्दो

'मला पोहायला आवडतं' आणि 'मला पोहता येतं' मराठीत एकाच ठशाची वाक्यं वाटतात. स्पॅनिशमध्ये एक 'मे गुस्ता नादार', दुसरं 'से नादार'. ही जोडी रोज एकदा मोठ्याने म्हणावी.

## शेवटची चाचणी

उत्तर झाकून वाक्य आधी स्वतः लिहा. नंतर याच क्रमाने तपासा: सर्वनाम, वचन, आर्टिकल, 'आ', काळ.

1. त्यांना नाचायला आणि गायला आवडतं. लेस गुस्ता बाइलार इ कान्तार. ('गुस्तान' लिहिलं असेल तर टप्पा ४.)
2. मलाही नाही आवडत. आ मी ताम्पोको. ('यो' आला असेल तर टप्पा ७.)
3. माझ्या आईला गणित आवडायचं. आ मि माद्रे ले गुस्ताबान लास मातेमातिकास. ('ले' सुटला तर टप्पा ६, 'गुस्ताबा' झालं तर ३ आणि ८.)
4. दुकानात, शर्ट घालून बघताना: हा शर्ट मला आवडला, पण मोठा होतो. मे गुस्ता एस्ता कामिसा, पेरो मे केदा ग्रान्दे. ('गुस्तो' आला तर टप्पा ८.)
5. मला भूक नाही. नो तेंगो आम्ब्रे. ('मे' आला तर टप्पा १२.)
6. माझ्या मित्रांना तुझे केस आवडतात. आ मिस आमिगोस लेस गुस्ता तु पेलो. मित्र अनेक म्हणून 'लेस', 'पेलो' एकवचनी म्हणून 'गुस्ता'. मराठीत केस, मित्र आणि 'आवडतात' सगळंच अनेकवचनी असल्यामुळे 'गुस्तान' लिहिणारे पुष्कळ निघतात; त्यांनी टप्पा ३ पुन्हा वाचावा.